अर्ध्या टक्क्यावरून मोडलेलं सरकार

३० जानेवारी १९३३, सोमवार. बर्लिनमध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्या दिवशी ॲडॉल्फ हिटलरला चॅन्सेलर नेमलं. ही तारीख शाळेच्या पुस्तकात असते. त्याच दिवशी कोपनहेगनमध्ये, कान्सलरगेडे नावाच्या रस्त्यावर, डेन्मार्कचे पंतप्रधान थोरवाल्ड स्टाउनिंग यांच्या राहत्या घरी एक करार झाला. कामगारांचा पक्ष, सरकारातला त्याचा छोटा मित्रपक्ष आणि विरोधात बसलेला शेतकऱ्यांचा पक्ष असे तिघे त्या घरात एकत्र बसले होते. ही दुसरी तारीख आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. दोन्ही देशांत मंदी एकाच सुमाराला आली होती. दोन्हीकडे शेतमालाचे भाव कोसळले होते, शेतं लिलावात निघत होती, कामगार रांगेत उभे होते. जर्मनीतली लोकशाही संपली. डेन्मार्कमधली टिकली.

मंदीत लोक टोकाच्या पक्षांकडे का वळतात, याचं आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: पोटात आग पडली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. भाषणांत हेच, चहाच्या टपरीवरही हेच. मला हे उत्तर पटत नाही. त्यात गरिबांवर अन्याय आहे आणि खऱ्या जबाबदार माणसांची सुटका आहे.

मी बँकेत शेतीकर्जाचं काम केलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं वसुलीत, तासगाव-कवठेमहांकाळ भागात. नोटीस घेऊन दारात उभी राहिले की घरातल्यांचे चेहरे वाचायची सवय होते. दोन एकर कोरडवाहूवाला नोटीस हातात घ्यायचा, ‘बघतो मॅडम’ म्हणायचा आणि आत जायचा. आवाज चढायचा तो द्राक्ष बागायतदाराचा. त्यानं जमीन तारण ठेवून बाग उभी केलेली, ठिबक केलेलं, मुलाला इंजिनिअरिंगला घातलेलं, घराचा वरचा मजला अर्धा चढवलेला. आणि बेदाण्याचा दर पडला किंवा अवकाळीनं घड कुजले. त्याच्या घरात त्या दिवशी भाकरी होती. त्याला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टींची. सातबाऱ्यावरचा बोजा गावाला दिसणार, थकबाकीदार म्हणून सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहता येणार नाही, मुलीच्या सोयरिकीत पाहुणे चौकशी करणार. पिढ्यान्‌पिढ्या काहीच हाती नसलेला माणूस खचतो. ज्यानं कष्टानं दोन पायऱ्या चढलेल्या असतात, तो खाली ढकलला जाताना पेटून उठतो.

उपासमारीनं खरोखर काय होतं, याचा एक जुना अभ्यास आहे. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची गिरणीची वस्ती होती. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्या गटानं तिथं बारीक निरीक्षणं केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथं क्रांती झाली नव्हती. हाताशी सगळा दिवस मोकळा असताना वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. राजकीय वर्तमानपत्र घेणारे घटले होते, संस्थांचे सभासद गळाले होते. पुरुष रस्त्यानं सावकाश चालत, मध्येच थांबत; दिवसभर काय केलं हे त्यांना सांगता येत नसे. बायकांना घरचं काम होतंच, त्या भराभर चालत. हे वाचलं तेव्हा मला तो ‘बघतो मॅडम’ म्हणणारा माणूस आठवला.

आता जर्मनीचे आकडे पाहू. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ जागा मिळाल्या. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के आणि २३० जागा. त्याच काळात नोंदलेले बेकार सुमारे १४ लाखांवरून ६० लाखांच्या वर गेले. हे दोन चढते आलेख शेजारी ठेवले की वाटतं, बेकारांनीच हिटलरला मतं दिली. पण युर्गेन फाल्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जिल्हावार मतं तपासली तेव्हा चित्र निराळं निघालं. काम गेलेल्या कामगारांतले जे टोकाला गेले, ते मुख्यतः कम्युनिस्टांकडे गेले. त्या पक्षाची मतं १९२८ मधल्या १०.६ टक्क्यांवरून नोव्हेंबर १९३२ पर्यंत १६.९ टक्क्यांवर गेली. नाझींची मोठी उडी झाली ती लहान गावांत, प्रोटेस्टंट खेड्यांत. शेतकरी, दुकानदार, कारागीर, पेन्शनवर जगणारे यांच्यात. यांच्यापैकी पुष्कळांचं काम सुरू होतं.

विल्यम शेरिडन ॲलन या इतिहासकारानं १९६५ मध्ये नॉर्थहाइम या दहा हजार वस्तीच्या गावावर पुस्तक लिहिलं. गाव रेल्वेचं आणि सरकारी कचेऱ्यांचं. तिथला मध्यमवर्ग प्रत्यक्षात फारसा देशोधडीला लागलेला नव्हता. पण कचेरीबाहेर बेकारांची रांग रोज दिसत होती, आणि ती बघणाऱ्याच्या मनात एकच विचार, उद्या मी. त्या गावात १९३२ साली साठ टक्क्यांहून जास्त मतं नाझींना पडली. शिवाय या लोकांनी एकदा सगळं गमावलेलं होतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची बचत पावाच्या किमतीलाही पुरत नव्हती. त्यानंतर आठ वर्षं होतात न होतात तोच, १३ जुलै १९३१ ला डानाट बँकेनं दारं बंद केली आणि पुढचे दोन दिवस सरकारनं देशातल्या बँकाच बंद ठेवल्या. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या बंद दाराचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. त्या बँकेचे प्रमुख याकोब गोल्डश्मिट ज्यू होते. नाझींनी त्यांचं नाव घरोघर पोचवलं. ज्या भागांचा पैसा त्या बँकेशी बांधलेला होता तिथं नाझी मतं जास्त वाढली, आणि जिथं ज्यूद्वेष जुना होता तिथं आणखी वाढली, असं अलीकडच्या एका अभ्यासात दिसलं आहे. मंदीनं द्वेष नव्यानं जन्माला घातला नाही. आधीपासून असलेल्या द्वेषाला तिनं गिऱ्हाईक मिळवून दिलं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो जर्मनीच्या उत्तर टोकाचा प्रदेश, श्लेस्विग-होल्श्टाइन. गुरं पोसणाऱ्या, डुकरं वाढवणाऱ्या शेतकऱ्यांचा. जुलै १९३२ मध्ये नाझींना निम्म्याहून जास्त मतं मिळाली ती याच मतदारसंघात: ५१ टक्के. १९२८ मध्ये इथं त्यांना चार टक्के होती. इथलं संकट जागतिक मंदीच्या आधीच सुरू झालं होतं. जानेवारी १९२८ मध्ये लाखाहून जास्त शेतकरी गावोगाव रस्त्यावर उतरले. मागण्या ओळखीच्या वाटतील: कर कमी करा, व्याज कमी करा, परदेशी माल थांबवा, लिलाव थांबवा. बर्लिननं फारसं काही केलं नाही. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बायडनफ्लेथ या खेड्यात थकलेल्या करापोटी जप्त केलेले बैल नेत असताना शेतकऱ्यांनी रस्त्यावर गवताच्या पेंढ्या पेटवल्या, शिंगं फुंकली. बैल बुजले आणि माघारी गोठ्यात पळाले. पुढे कित्येकांवर खटला झाला. मी स्वतः जप्तीच्या पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत. त्या गावातल्या कर वसूल करणाऱ्या माणसाची आणि त्या बैलांच्या मालकाची अशा दोघांचीही बाजू मला कळते. कळत नाही ती बर्लिनची. त्यानंतर कर कचेऱ्यांवर बॉम्ब पडू लागले, तरी लिलाव चालूच राहिले. १९३० मध्ये नाझींनी शेतीचा स्वतंत्र कार्यक्रम काढला आणि गावागावात शेतकऱ्यांमधलाच माणूस हाताशी धरला. शेतकऱ्याला चढा भाव आणि कामगाराला स्वस्त पाव ही दोन्ही आश्वासनं ते एकाच वेळी देत होते. शेतकऱ्याला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. पण त्याच्या दारात आलेला तो पहिला पक्ष होता.

तेव्हा बाकीचे पक्ष काय करत होते, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

१९२७ मध्ये जर्मनीनं बेकारी विम्याचा चांगला कायदा केला होता. मंदी आली तसा विम्याचा निधी आटला. सत्तेवर हेर्मान म्युलर यांचं आघाडी सरकार होतं. एका बाजूला कामगारांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, दुसऱ्या बाजूला उद्योगपतींची पीपल्स पार्टी. विम्याची वर्गणी पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून चार टक्के करावी की नाही यावर वाद अडला. अर्धा टक्का. तोही मालक आणि कामगारांनी मिळून भरायचा. मधली वाट सुचवली गेली, तीही नाकारली गेली; कामगार संघटनांच्या दबावाखाली खुद्द म्युलर यांच्याच पक्षानं नाकारली. २७ मार्च १९३० ला सरकार पडलं. त्यानंतर हिटलर येईपर्यंत जर्मनीत संसदेच्या बहुमतावर चालणारं सरकार पुन्हा झालं नाही.

पुढे चॅन्सेलर म्हणून आलेले हाइनरिश ब्रुनिंग प्रामाणिक, कष्टाळू आणि अर्थशास्त्र शिकलेले होते. उत्पन्न घटलं तर खर्च घटवला पाहिजे, हे त्यांचं सूत्र. सरकारी पगार टप्प्याटप्प्यानं जवळपास एक पंचमांशानं कापले गेले. पेन्शन कापली, बेकारांचा भत्ता कापला, वर कर वाढवले. संसदेनं जुलै १९३० मध्ये त्यांचा वटहुकूम फेटाळला तेव्हा त्यांनी संसदच विसर्जित केली. त्यातून आलेल्या निवडणुकीनं नाझींना १२ वरून १०७ वर नेलं. मग राज्य चालू राहिलं ते राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली, राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं. १९३२ या पूर्ण वर्षात संसदेनं पाच कायदे केले आणि वटहुकूम निघाले ६६. सोशल डेमोक्रॅट विरोधात बसूनही ब्रुनिंग यांना सांभाळून घेत राहिले, कारण त्यांच्यानंतर हिटलर येईल ही भीती. परिणाम असा की पगार कापला म्हणून चिडलेल्या कारकुनाला शिव्या द्यायला सरकार होतं, पण मत द्यायला जबाबदार विरोधी पक्ष उरला नव्हता. विरोध करणारे मोठे पक्ष उरले दोनच, नाझी आणि कम्युनिस्ट. कम्युनिस्ट तर सोशल डेमोक्रॅटांनाच मुख्य शत्रू म्हणत होते. जुलै १९३२ नंतर या दोन पक्षांचं मिळून संसदेत बहुमत होतं.

ब्रुनिंग यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता असं मानणारे इतिहासकार आहेत. युद्धाची भरपाई मानेवर, परदेशी कर्ज बंद, १९२३ च्या महागाईची धास्ती. ही अडचण खरी होती. पण मार्ग कुणी सुचवलाच नव्हता असं नाही. कामगार संघटनांच्या बाजूनं व्लादिमिर वॉइटिन्स्की, फ्रिट्झ टार्नो आणि फ्रिट्झ बाडे या तिघांनी १९३२ च्या सुरुवातीला योजना मांडली: दोन अब्ज मार्कांची सार्वजनिक कामं काढा, दहा लाख लोकांना काम द्या. त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वानं ती मनावर घेतली नाही; महागाई होईल, तत्त्वात बसत नाही, अशी कारणं पुढे आली. मे १९३२ मध्ये नाझींचे ग्रेगोर श्ट्रासर संसदेत उभे राहिले आणि सरकारी खर्चानं काम देण्याचा कार्यक्रम त्यांनी मांडला. जुलैच्या प्रचारात त्याच्या पुस्तिका देशभर वाटल्या गेल्या. लोकशाही मानणाऱ्यांनी टेबलावर सोडून दिलेली गोष्ट लोकशाही न मानणाऱ्यांनी उचलली. या काळाबद्दल मी जे काही वाचलं, त्यात मला सर्वांत जास्त राग याचा येतो.

आता सीमेपलीकडे. श्लेस्विगच्या उत्तरेकडचा भाग १९२० च्या सार्वमतानंतर डेन्मार्कमध्ये गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंना तशीच जमीन, तशीच गुरं, तेच पडलेले भाव. डेन्मार्कचं लोणी आणि बेकन ब्रिटनला जायचं. ब्रिटननं १९३१ मध्ये आपल्या चलनाची सोन्याशी असलेली सांगड सोडली आणि पुढच्या वर्षी आपल्या साम्राज्यातल्या मालाला प्राधान्य दिलं, तेव्हा डॅनिश शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. विमा असलेल्या कामगारांपैकी जवळपास एक तृतीयांश १९३२ मध्ये बेकार होते. मालकांनी पगार कपातीसाठी टाळेबंदीची धमकी दिली होती.

स्टाउनिंग मूळचे सिगार कारखान्यातले कामगार. त्यांच्या घरी ३० जानेवारीला ठरलं ते असं. चलनाचा दर खाली आणायचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल ब्रिटनमध्ये खपेल. कामगारांच्या पक्षाला हे नको होतं, कारण आयात महागणार. शेतजमिनीवरचा कर कमी करायचा, कर्जात सवलत द्यायची. बदल्यात कायद्यानं टाळेबंदी थांबवायची, आहेत ते वेतन करार वर्षभर पुढे न्यायचे. आणि समाजकल्याण मंत्री स्टाइंके यांच्या विमा व साहाय्याच्या कायद्यांना शेतकऱ्यांच्या पक्षानं आडवं यायचं नाही. प्रत्येकानं आपल्याच माणसांना नको असलेलं काहीतरी गिळलं. तिथल्या शेतकऱ्यांचा राग लगेच शांत झाला असं मुळीच नाही. लिलावांविरुद्ध त्यांची संघटना होती, ती आक्रमक होती, आणि जुलै १९३५ मध्ये हजारो शेतकरी राजाला भेटायला कोपनहेगनला गेले. पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्टाउनिंग यांच्या पक्षाला ४६.१ टक्के मतं मिळाली. डॅनिश नाझींना एकही जागा मिळाली नाही. १९३९ मध्ये मिळाल्या तीन.

डेन्मार्क युद्ध हरलेला नव्हता, त्याच्या डोक्यावर भरपाई नव्हती, त्याची लोकशाही जुनी होती, असं कुणी म्हणेल. सगळं मान्य. पण हरलेलं युद्ध, व्हर्सायचा तह आणि कोवळी लोकशाही हे सगळं जर्मनीत १९२८ मध्येही होतं, आणि तेव्हा शंभरातले तीन मतदारही नाझींकडे नव्हते.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मतं घटून ३३.१ टक्क्यांवर आली होती, सुमारे वीस लाख मतदार सोडून गेले होते. मंदीचा तळही तेव्हा गाठून झाला होता. उतरणीला लागलेल्या पक्षाला सत्ता दिली ती माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन आणि हिंडेनबुर्ग यांच्या भोवतीच्या मंडळींनी, आपण त्याला आवरू अशा समजुतीनं. दोष देताना रांगेतल्या माणसाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हे फक्त त्या काळापुरतं नाही. मानुएल फुंके, मोरित्झ शुलारिक आणि क्रिस्टोफ ट्रेबेश यांनी १८७० ते २०१४ या काळातल्या वीस देशांतल्या निवडणुका तपासल्या. बँका कोसळून आलेल्या संकटानंतर अति-उजव्या पक्षांची मतं सरासरी तीस टक्क्यांनी वाढतात, साध्या मंदीनंतर तसं होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ग्रीसमध्ये गोल्डन डॉन या अति-उजव्या पक्षाला २००९ मध्ये अर्धा टक्काही मतं नव्हती. पगार-पेन्शन कापल्यावर २०१२ मध्ये जवळपास सात टक्के झाली. साधी मंदी माणूस नशिबावर ढकलतो. बँक बुडते तेव्हा त्याला दिसतं की वरच्यांना वाचवलं आणि मला सोडलं.

आपल्याकडे एक उदाहरण आहे, त्याचा मला अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर शिखराच्या महिन्यांत पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी तासगाव भागात आधी करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना त्यातून राज्यभर गेली, १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा एकमतानं कायदा केला. पैसा कुठून आला? बराचसा शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. मुंबईतल्या कारकुनानं माणदेशातल्या मजुराचं काम धरून ठेवलं, आणि सत्ताधारी-विरोधक दोघांनी त्यावर हात वर केले. माझ्या पगारातूनही तो कर दर महिन्याला जायचा.

पुढची मंदी येईल तेव्हा आपापल्या आमदार-खासदारांकडे तीन गोष्टी मागा. छोट्या कर्जदाराची जमीन आणि घर वर्षभर लिलावात काढायचं नाही. मागेल त्याला काम द्यायचं. आणि हे ठरवताना समोरच्या पक्षाला घरी बोलवायचं, उठून जायचं नाही. माझ्यासारख्या पेन्शनवाल्यांनी आणि पगारदारांनी त्यासाठी अर्धा टक्का जास्त भरायची तयारी ठेवावी.